साक्ष केसपेपरची

कोर्टाची तयारी समन्स आल्यावर नव्हे, रुग्ण समोर असतानाच होते. मे 1953मध्ये पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेला तरुण पुण्यात उपचारांदरम्यान दगावला. त्यावरून झालेला ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हा खटला 1968 साली सर्वोच्च न्यायालयात डॉक्टरांविरुद्ध संपला. पंधरा वर्षांनीही वाद तोच होता: भूल दिली होती का, जोर किती लावला?

म्हणूनच केसपेपर तेव्हाच लिहावा. लिहीत बसलो तर रुग्ण कोण पाहणार, हा आक्षेप पुणे-सोलापूर महामार्गावरच्या वरवंडमधल्या डॉक्टरला खराच वाटेल. पण वेळ, तपासणी, औषध आणि पुढे पाठवण्याचे कारण या चार ओळी पुढच्या डॉक्टरलाही लागतातच. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालाने 2005मध्ये डॉक्टरांवरील फौजदारी कारवाईआधी स्वतंत्र वैद्यकीय मत आवश्यक मानले. ते मत देणाऱ्याचा मुख्य आधार केसपेपरच. मागाहून खाडाखोड मात्र नको. राहिलेले तारीख घालून वेगळे लिहावे.