एक जामीन, दोन न्यायमूर्ती

मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्याने कधीतरी वाट वाकडी करून मुंबई हायकोर्टाची दगडी इमारत पाहून यावी. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी येथेच बसत. १८४४ साली जन्मलेला हा गृहस्थ १८६७ साली बॅरिस्टर झाला, १८८७ साली मद्रासच्या काँग्रेसचा अध्यक्ष आणि १८९५ साली न्यायमूर्ती.

१८९७ च्या जुलैत लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडले. आधी जामीन नाकारला गेला. मग अर्ज तय्यबजींपुढे आला. टिळकांच्या वतीने उभे होते बॅरिस्टर दिनशा दावर. तय्यबजींनी जामीन दिला. पुढे ज्यूरीतील ६ जणांनी दोषी आणि ३ जणांनी निर्दोष म्हटले; १८ महिन्यांची सजा झालीच. पण बचावाच्या तयारीला मोकळे दिवस मिळाले, ते या एका हुकुमाने.

तय्यबजी १९०६ साली वारले. १९०८ साली टिळक पुन्हा आरोपी झाले आणि न्यायासनावर होते तेच दावर! बॅरिस्टर जिनांनी जामीन मागितला, दावरांनी तो नाकारला. २२ जुलैच्या रात्री ६ वर्षे काळ्या पाण्याची सजा ऐकविली. गिरणीकामगारांनी ६ दिवस संप केला.

१९५६ साली मुख्य न्यायाधीश छागलांनी टिळकांच्या उद्गारांची शिला तेथेच बसविली. कायदा तोच, आरोपी तोच. खुर्चीवरचा माणूस मात्र निराळा. खुर्ची माणसाला मोठे करीत नाही, वाचकहो. ती त्याला फक्त उघडे करते.