डिप्रेस्ड, सप्रेस्ड की एक्सक्लूडेड? एका विशेषणासाठी झालेली लढाई

'डिप्रेस्ड' हा शब्द आज कॉलेजातल्या कोणत्याही पोराला माहीत आहे. पेपर अवघड गेला, नोकरी गेली की माणूस डिप्रेस्ड होतो. त्यामुळे बाबासाहेबांचे इंग्रजी खंड उघडले आणि पानोपानी 'डिप्रेस्ड क्लासेस' दिसले की नव्या वाचकाच्या डोळ्यांपुढे खचलेली, मान खाली घातलेली माणसे उभी राहतात. वाचक चुकतो असे आम्ही म्हणणार नाही. खुद्द बाबासाहेबांची या शब्दाबद्दलची तक्रार जवळपास हीच होती.

इंग्रजीत डिप्रेस्ड, सप्रेस्ड, ऑप्रेस्ड हे तिन्ही शब्द दाबणे या एकाच लॅटिन धातूपासून आलेले आहेत. फरक उपसर्गांचा आहे. डिप्रेस्ड म्हणजे खाली गेलेला. बाजारभाव खाली जातो, जमीन खचते, तसा. कोणी दाबले हे विचारण्याची गरज पडत नाही. सप्रेस्डमध्ये दाबून धरणारा हात दिसतो आणि ऑप्रेस्डमध्ये तर जुलूम करणाराच समोर येतो. ब्रिटिश सरकारने आणि सुधारकांनी यातला कोणता शब्द उचलला? पहिला. ज्यात गुन्हेगार दिसत नाही तो.

मराठीत याचे भाषांतर करायची वेळ आली तेव्हा खरी गंमत झाली. १९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. त्याचे मराठी नाव होते निराश्रित साहाय्यकारी मंडळी. निराश्रित म्हणजे आसरा नसलेला. शिंद्यांची कळकळ आम्ही नाकारत नाही, त्यांनी या कामापायी स्वतःच्या समाजाकडूनही कमी सोसले नाही. पण निराश्रिताला हवा असतो आश्रय, आणि आश्रय देणारा नेहमी दुसराच कोणीतरी असतो. पुढे १९२४ मध्ये बाबासाहेबांनी संस्था काढली तिचे नाव बहिष्कृत हितकारिणी सभा. १९२८ मध्ये याच सभेतर्फे सायमन कमिशनला निवेदने गेली, तेव्हा आतल्या मजकुरातला इंग्रजी शब्द डिप्रेस्ड क्लासेस हाच होता. म्हणजे सरकारदरबारी इंग्रजी शब्द तोच, मराठीत मात्र निराश्रिताचा बहिष्कृत झाला. वाळीत टाकणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला बहिष्कृत समजावून सांगावा लागत नाही. बहिष्कार कोणीतरी घालावा लागतो, तो आपोआप पडत नाही.

गांधीजींनी १९२० मध्ये 'यंग इंडिया'त विवेकानंदांचा हवाला देऊन डिप्रेस्डपेक्षा सप्रेस्ड हा शब्द अधिक अचूक ठरवला होता. आपणच त्यांना दाबले, अशी कबुलीही त्यात होती. वरवर पाहता हे पुढचे पाऊल वाटते. पण त्यातले 'आपण' कोण? सवर्ण हिंदू. दाबणारे तेच, पश्चात्ताप करणारे तेच आणि उद्धार करणारेही तेच! ज्याला दाबले त्याने काय करायचे, याला त्या वाक्यात जागा नव्हती.

मग बाबासाहेबांनी ऑप्रेस्ड शब्द मागितला असेल, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. त्यांचा मुद्दा जास्त खोल होता, आणि तो नीट समजून घ्यायचा तर त्या काळातले आकड्यांचे राजकारण पाहावे लागते.

डिप्रेस्ड हा शब्द इतका सैल होता की त्यात कोणीही बसे: आदिवासी, तथाकथित गुन्हेगार जमाती, गरीब मागासलेल्या जाती. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट कमिटीत बाबासाहेब सभासद होते. १९३० च्या अहवालात या कमिटीने तीन गट वेगळे केले: डिप्रेस्ड क्लासेस म्हणजे फक्त अस्पृश्य, दुसरे आदिवासी व डोंगरी जमाती, तिसरे इतर मागासवर्ग. पण मताधिकार आणि जागावाटपाचा प्रश्न आला तसा हाच शब्द उलट्या बाजूने आवळला जाऊ लागला. १९३२ मध्ये लोथियन कमिटीपुढे संयुक्त प्रांताचे आकडे आले. १९३१ च्या जनगणनेप्रमाणे तिथले अस्पृश्य सुमारे १ कोटी २६ लाख. त्याच प्रांताच्या मताधिकार समितीच्या हिशेबाने फक्त ६ लाख! सव्वा कोट माणसे एका व्याख्येत गडप झाली. प्रत्यक्ष शिवल्याने विटाळ होतो तेवढेच अस्पृश्य, असे धरले की हे साधते. बाबासाहेबांनी उत्तर दिले की अस्पृश्यता शब्दशः मोजायची नसते. आगगाडीत, शहरात शिवाशीव पाळणे जमत नाही म्हणून मनातली अस्पृश्यता गेली असे होत नाही.

या कमिटीला १ मे १९३२ रोजी त्यांनी जी टिपणी दिली, ती प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचावी. डिप्रेस्ड हे नाव हिणवणारे आहे, असे ते तिथे सांगतात. त्यातून समाज हीन आणि लाचार असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात प्रत्येक प्रांतात त्यात सुस्थितीतले आणि शिकलेले लोक आहेत, आणि सगळा समाज मानाची जागा मिळवण्यासाठी झटतो आहे. म्हणून आसामचे जनगणना अधीक्षक मुल्लन यांनी वापरलेला 'एक्स्टेरिअर कास्ट्स' किंवा 'एक्सक्लूडेड कास्ट्स' हा शब्द, आणखी चांगला मिळेपर्यंत, वापरावा अशी त्यांची सूचना. कारणही दिले: हिंदू धर्माच्या आत पण हिंदू समाजाच्या बाहेर, ही अस्पृश्यांची नेमकी जागा त्यातून कळते. गरीब ब्राह्मणही आर्थिकदृष्ट्या डिप्रेस्ड असू शकतो, पण तो गावकुसाबाहेर नसतो. दुःख किती, यावर बाबासाहेब बोलत नव्हते. समाजातली जागा कोणती, यावर बोलत होते. दुःखाला दया मिळते. बाहेर ठेवलेल्याला प्रतिनिधित्व मागता येते.

त्याआधी सहा महिने, ४ नोव्हेंबर १९३१ ला, गोलमेज परिषदेतल्या पुरवणी निवेदनात त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी नव्या नावांची जी सूचना केली, त्यात 'प्रोटेस्टंट हिंदू' हेही एक होते. निषेध करणारा हिंदू! येवल्याच्या घोषणेला तेव्हा चार वर्षे अवकाश होता.

हरिजन या शब्दाबद्दल फार लिहीत नाही, आपल्या वाचकांना तो इतिहास पाठ आहे. १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधिमंडळात कायद्यातच हे नाव घालायचा घाट घातला गेला, तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी विचारले, आम्ही देवाची माणसे तर बाकीचे काय राक्षसाची? बहुमताने ऐकले नाही आणि स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. ज्याचे नाव, त्याची संमती हवी, एवढा साधा मुद्दा होता.

शेवटी १९३५ च्या कायद्याने शब्द दिला शेड्युल्ड कास्ट्स, अनुसूचित जाती. त्यात दया नाही, आरोप नाही, एक यादी आहे. असा कोरडा शब्द आम्हाला अनेक गोड शब्दांपेक्षा परवडतो, कारण यादीवर हक्क सांगता येतो. चळवळीच्या भाषेत मात्र त्याने भागले नाही. दलित या शब्दात दल् धातू आहे, आपल्या दळण्यातलाच. दळले गेले म्हटले की जाते फिरवणारा हात आलाच. १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित पँथरने या शब्दात कामगार, भूमिहीन, स्त्रिया अशा सगळ्या शोषितांना घेतले. २०१८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने माध्यमांना दलित न लिहिता अनुसूचित जाती लिहा, असा सल्ला दिला. आपल्यातही दलित नको, बौद्ध म्हणा, असा आग्रह आहे आणि आम्हाला तो पटतो. पण तो आग्रह आपण आपल्यासाठी धरलेला आहे, मंत्रालयाने आपल्यासाठी नाही.

आणि यादीच्या शब्दालाही किंमत मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे अशी अट होती, शिखांमधल्या मोजक्या जाती तेवढ्या सोडल्या होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्यांनी धम्म स्वीकारला, ते केंद्राच्या कागदावर त्या यादीबाहेर गेले. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्धांचे नाव यायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे.