कॉकपिटमधला दुसरा आवाज

२४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान बेरूतहून जिनिव्हाला उतरायच्या बेतात होतं. मुंबईहून निघालेल्या या विमानात डॉ. होमी भाभा होते. विमानाची जागा ठरवायला मदत करणाऱ्या दोन रेडिओ यंत्रांपैकी एक बंद आहे, हे कॅप्टनला बेरूत सोडतानाच ठाऊक होतं. आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरापासून आपण कुठे आहोत याचा त्याने अंदाज बांधला आणि तो जिनिव्हाला कळवला. अंदाज चुकला होता. कंट्रोलरला रडारवर ते दिसलं आणि शिखर अजून पाच मैलांवर आहे, असं त्याने सांगितलंही. मात्र ‘तुमची चूक होतेय, खाली येऊ नका’ असा स्पष्ट अर्थ त्या सांगण्यातून कॅप्टनपर्यंत पोचला नाही. शिखराची धार मागे पडली, या समजुतीत विमान खाली येत राहिलं आणि डोंगरावर आदळलं. ११७ जणांपैकी कुणीही वाचलं नाही. नेमक्या शब्दांत सूचना न दिली गेल्याने तिचा चुकीचा अर्थ लावला गेला असावा, असा निष्कर्ष फ्रेंच चौकशीने काढला.

हा घोटाळा जमीन आणि आकाश यांच्यातला होता. त्यावर ठरावीक शब्दांची भाषा आणि मिळालेली सूचना परत म्हणून दाखवण्याची शिस्त हे उपाय होते, आणि ते पुढे अधिकाधिक काटेकोर होत गेले. पण एकाच कॉकपिटमध्ये शेजारी बसलेली माणसंही एकमेकांचं ऐकत नसतील तर काय करायचं, या प्रश्नाला भिडायला १९७८ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी २८ डिसेंबरला युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान न्यूयॉर्कहून डेन्व्हरमार्गे पोर्टलंडला आलं. चाकं खाली सोडताना मोठा धक्का बसला आणि चाकं पक्की बसल्याचा दिवा लागला नाही. कॅप्टनने विमान शहराजवळ घिरट्या घालत ठेवलं आणि जवळजवळ तासभर चाकांची खात्री करणं, प्रवाशांना आणीबाणीच्या उतरणीसाठी तयार करणं हेच चाललं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनीअरचं लक्ष इंधनाच्या काट्याकडे होतं. अजून पंधरा मिनिटं काढली तर इंधन फारच कमी पडेल, असं त्याने सांगितलंही. ते कॅप्टनच्या कानावर पडलं, मनात उतरलं नाही. इंजिनीअरनेही आवाज चढवला नाही. मग एकेक इंजिन बंद पडत गेलं आणि धावपट्टीच्या अलीकडे काही मैलांवर, झाडीत, विमान कोसळलं. टाक्या रिकाम्या असल्यामुळे आग लागली नाही. १८९ जणांपैकी दहा जण दगावले; त्यांत तो इंजिनीअरही होता. चाकं खरं तर व्यवस्थित खाली बसलेली होती.

अमेरिकी तपास मंडळाने कॅप्टनचं दुर्लक्ष नोंदवलंच; शिवाय सहवैमानिक आणि इंजिनीअर या उरलेल्या दोघांना आपली काळजी त्याच्यापर्यंत पोचवता आली नाही, हेही नोंदवलं. पुढच्याच वर्षी ‘नासा’ने या विषयावर कार्यशाळा भरवली आणि १९८१ मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी नवं प्रशिक्षण सुरू केलं. ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावाने ते आज जगभर दिलं जातं. हाताखालच्याने स्पष्ट बोलावं आणि वरच्याने ते ऐकावं, हा त्याचा गाभा.

भारतात त्याची परीक्षा झाली २२ मे २०१० च्या पहाटे, मंगळूरला. दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाचा कॅप्टन परदेशी, दहा हजारांहून अधिक तासांचा अनुभव असलेला. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या एक तास चाळीस मिनिटांत तो झोपलेला असल्याचं आढळलं. मंगळूरचं रडार बंद असल्याने खाली येण्याची परवानगी उशिरा मिळाली आणि विमान हवं त्यापेक्षा खूप उंचावर राहिलं. मग ते झपाट्याने खाली आणलं गेलं. यंत्र धोक्याचे इशारे देत होतं. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटलं, म्हणजे उतरणं सोडून विमान पुन्हा वर घ्यायला सांगितलं. एकदा नव्हे, तीनदा. तरीही विमान उतरलं, ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ५,२०० फूट पुढे जाऊन. थांबण्याची प्रक्रिया सुरू झाल्यावर कॅप्टनने पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न केला. पठारावर बांधलेल्या ‘टेबलटॉप’ धावपट्टीच्या टोकावरून विमान दरीत गेलं. १६६ पैकी आठ जण वाचले.

या अपघाताची चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. तिच्या अहवालातलं एक निरीक्षण फार महत्त्वाचं आहे. सहवैमानिकाने स्वतः ‘गो अराउंड’ करावा की नाही, याबाबतच्या सूचनांमध्ये संदिग्धता होती. बहुधा त्यामुळेच तो सांगत राहिला, पण विमानाचा ताबा त्याने घेतला नाही. पोर्टलंडचा इंजिनीअर दबकत बोलला होता. मंगळूरचा सहवैमानिक स्वच्छ शब्दांत बोलला, तरी त्याच्या बोलण्यामागे अधिकार उभा राहिला नाही.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, कोझिकोडमध्ये जवळपास तेच घडलं. कोविडकाळात परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेतलं हे विमानही दुबईचंच, आणि धावपट्टीही टेबलटॉप. कॅप्टन होते नागपूरचे दीपक साठे, हवाई दलातून आलेले अनुभवी वैमानिक. मुसळधार पावसात पहिला प्रयत्न त्यांनी सोडून दिला. त्या वेळी त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. दुसऱ्या वेळी उलट्या टोकाकडून, पाठीमागून वारा असताना, विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फुटांवर टेकलं. सहवैमानिकाने इथेही ‘गो अराउंड’ म्हटलं होतं. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. सहवैमानिकाने सांगूनही उतरणं सुरू राहिलं आणि त्याने ताबाही घेतला नाही, या दोन्ही गोष्टी अहवालाने कारणांमध्ये मांडल्या. कॉकपिटमधल्या अधिकाराच्या उतरंडीवरही बोट ठेवलं.

एका ठरावीक उंचीला, सहसा हजार फुटांवर, वेग, उतरण्याचा दर, दिशा आणि फ्लॅप्स ठरल्याप्रमाणे नसतील तर चर्चा न करता वर जायचं, हा नियम आज प्रत्येक वैमानिकाला पाठ असतो. दोनदा इशारा देऊनही उत्तर आलं नाही, तर सहवैमानिकाने ताबा घ्यावा, हेही शिकवलं जातं. पण ज्येष्ठाच्या हातातून विमान काढून घेणं ही पुस्तकातून येणारी गोष्ट नव्हे, विशेषतः वयाने आणि पदाने मोठ्याला उलट उत्तर देणं उद्धटपणा मानला जातो अशा समाजात. ती सिम्युलेटरमध्ये, शेजारी खरा कॅप्टन बसवून, वारंवार घोटून घ्यावी लागते. आणि हा सराव कॅप्टनलाही तितकाच हवा: शेजारून ‘गो अराउंड’ ऐकू आलं की कारण न विचारता थ्रॉटल पुढे करण्याचा.