व्हेरिकोसील आणि पुरुष वंध्यत्व

वृषणाकडून रक्त वर नेणाऱ्या शिरांचे जाळे वृषणकोशात फुगून वेडेवाकडे होते, त्या विकाराला व्हेरिकोसील म्हणतात. साधारण १५ टक्के पुरुषांत तो आढळतो आणि त्यांतल्या बहुतेकांना अपत्यप्राप्तीत अडचण येत नाही. मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या पुरुषांत मात्र हे प्रमाण ३५ ते ४० टक्के असते.

विकार बहुधा डाव्या बाजूला होतो. उजवी वृषणशीर तिरकी चढून थेट अधोमहाशिरेला मिळते. डावी अधिक लांब असून मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. तिच्या झडपा निकामी झाल्या, की उभ्या माणसात रक्त उलटे खाली उतरते. एकट्या उजव्या बाजूला अचानक उद्भवलेला किंवा आडवे पडूनही न ओसरणारा फुगवटा दिसल्यास पोटात गाठ नाही ना, हे आधी पाहावे लागते.

शुक्राणू तयार होण्यासाठी वृषणाचे तापमान शरीरापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअसने कमी असावे लागते. साचलेल्या उष्ण रक्ताने ते वाढते. शुक्राणूंची संख्या व हालचाल घटते, त्यांच्या डीएनएलाही इजा होते.

निदान हाताने होते. रुग्णाला उबदार खोलीत उभे करून तपासतात. डुबिन व अमेलार यांनी १९७० मध्ये मांडलेल्या तीन श्रेणी आजही वापरात आहेत: जोर केल्यावरच जाणवणारे, एरवीही हाताला लागणारे आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारे. तिसऱ्या श्रेणीत हाताला गांडुळांची पिशवी चाचपल्यासारखे वाटते. केवळ सोनोग्राफीत सापडलेल्या व्हेरिकोसीलवर शस्त्रक्रिया करू नये. तिचा लाभ सिद्ध झालेला नाही. पत्नीच्या तपासण्या वर्षानुवर्षे चालतात आणि पतीची साधी वीर्यतपासणीही होत नाही, ही आपल्याकडची रीत तर सोडलीच पाहिजे.

१९५० च्या दशकात एडिंबरोच्या टलक यांनी वीर्यात शुक्राणूच नसलेल्या एका पुरुषावर व्हेरिकोसीलची शस्त्रक्रिया केली आणि पुढे त्याच्या पत्नीला गर्भ राहिला. तेव्हापासून हा उपचार रूढ झाला. वाद मात्र मिटला नाही. २००३ मध्ये एव्हर्स व कॉलिन्स यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासून उपचाराने गर्भधारणा वाढत नाही, असा निष्कर्ष काढला. त्या चाचण्यांत हाताला न जाणवणारे व्हेरिकोसील आणि निर्दोष वीर्य असलेले पुरुषही होते, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. हाताला जाणवणारे व्हेरिकोसील आणि सदोष वीर्य असलेल्या पुरुषांपुरत्या २०११ च्या अब्देल-मेगुईद यांच्या चाचणीत वर्षभरात नैसर्गिक गर्भधारणा शस्त्रक्रियेनंतर ३२.९ टक्के, तर उपचाराविना १३.९ टक्के जोडप्यांत झाली.

जांघेखाली लहान छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली शिरा बांधणे ही सर्वांत पसंतीची पद्धत. धमनी व लसीकावाहिन्या वाचवता येतात, त्यामुळे हायड्रोसील (वृषणाभोवती पाणी साचणे) क्वचितच होते आणि विकारही सहसा उलटत नाही. दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि नळी घालून आतून शीर बंद करणे हे दुसरे मार्ग आहेत.

शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून पहिली वीर्यतपासणी तीन महिन्यांनी करतात. गर्भधारणेला बहुधा त्याहून अधिक काळ लागतो. पत्नीचे वय पस्तिशीपुढे असल्यास तेवढे थांबावे की थेट आयव्हीएफकडे वळावे, हे शस्त्रक्रियेआधीच दोघांशी बोलून ठरवले जाते.