गुहावासी अस्वल आणि प्रागैतिहासिक पुराव्याचे वाचन

युरोपातील चुनखडीच्या गुहांत प्राण्यांची जी हाडे विपुल प्रमाणात सापडतात, त्यांतील फार मोठा भाग गुहावासी अस्वलाचा आहे. हा प्राणी आज अस्तित्वात नाही. परंतु हिमयुगात उत्तर स्पेनपासून उरल पर्वतापर्यंत त्याचा संचार होता. त्याचा इतिहास दोन दृष्टींनी अभ्यसनीय ठरतो. एक तर त्याची वंशपरंपरा अवशेषांच्या आधारे बऱ्याच निश्चितपणे मांडता येते. दुसरे असे की, मानवाच्या धर्मभावनेचा उगम कोणत्या काळापर्यंत मागे नेता येईल, हा विसाव्या शतकातील एक महत्त्वाचा वाद याच अस्वलाच्या हाडांवर उभा राहिला. या वादाचा निर्णय अस्वलाची जीवनपद्धती ध्यानी घेतल्यावाचून होऊ शकत नाही.

अस्वलकुलाचा आरंभ सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या मायोसीन काळात दिसतो. त्या काळातील उर्साव्हस हा प्राणी आकाराने लहान होता. पुढे सुमारे ५० लक्ष वर्षांपूर्वी, प्लायोसीन काळात, उर्सस मिनिमस ही लहानखोर जाती युरोपात आढळते आणि तिच्यानंतर उर्सस एट्रस्कस ही जाती येते. तपकिरी अस्वल व गुहावासी अस्वल या दोन शाखा एट्रस्कसपासून फुटल्या असे सामान्यतः मानले जाते. त्यांची फारकत होऊन दहा लक्ष वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. गुहावासी शाखेतील पूर्वीचे रूप म्हणजे उर्सस डेनिंगेरी व उत्तरकालीन रूप म्हणजे उर्सस स्पेलियस. या शाखेत पुढच्या उपदाढा क्रमाक्रमाने नाहीशा झाल्या, मागच्या दाढा रुंद झाल्या आणि कपाळाला उंच चढाव आला. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ४०० ते ५०० किलोग्रॅम भरत असावे. एवढा प्रचंड देह असूनही आहार मुख्यत्वे वनस्पतींचा होता, असे दातांच्या रचनेवरून दिसते आणि हाडांतील नायट्रोजनच्या समस्थानिकांचे परीक्षणही बहुतेक ठिकाणी तेच सांगते. रुमानियातील ओआसे गुहेतील अवशेषांत मात्र मिश्र आहाराची चिन्हे आढळली आहेत.

या हाडांचा अर्थ लावण्याचे प्रयत्न जुने आहेत. मध्य युरोपात ती दीर्घकाळ ड्रॅगनची हाडे समजली जात. कित्येक गुहांची नावे आजही त्या समजुतीची साक्ष देतात. १७७४ साली योहान फ्रीडरिख एस्पर या धर्मोपदेशकाने फ्रँकोनियातील गैलेनरॉइट येथील गुहांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने तेथील कवट्यांची तुलना ध्रुवीय अस्वलाशी केली. पुढे वीस वर्षांनी, १७९४ मध्ये, योहान ख्रिस्टियन रोझेनम्युलर याने ही स्वतंत्र जाती असल्याचे दाखवून तिला उर्सस स्पेलियस, म्हणजे गुहेतील अस्वल, हे नाव दिले. पृथ्वीवरून एखादी जाती समूळ नष्ट होऊ शकते ही कल्पना त्या काळी नवीन होती, ही गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे.

हाडांच्या राशी किती मोठ्या असू शकतात, याची कल्पना ऑस्ट्रियातील मिक्सनिट्झजवळच्या ड्राखेनह्योले गुहेवरून येते. पहिल्या महायुद्धानंतर खताची टंचाई असताना, १९२० ते १९२३ या काळात, या गुहेतील फॉस्फेटयुक्त माती खणून काढण्यात आली व तिच्याबरोबर असंख्य हाडेही खतासाठी गेली. ओथेनिओ आबेल व गेऑर्ग किर्ले यांनी १९३१ साली या गुहेवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. गुहेत काही दशसहस्र अस्वलांचे अवशेष असावेत असा अंदाज पुढे आला. हा आकडा प्रथमदर्शनी चकित करणारा वाटतो; परंतु दर दोन वर्षांनी एकच अस्वल गुहेत मेले असे धरले, तरी पन्नास हजार वर्षांत पंचवीस हजार अस्वलांची हाडे तेथे साचतील. शीतनिद्रेच्या महिन्यांत अस्वल काही खात नाही. शरीरात साठविलेल्या चरबीवरच त्याला निभावावे लागते. शरद ऋतूत पुरेसे खाद्य न मिळालेली पिले, म्हातारी व रोगी अस्वले वसंत ऋतूपर्यंत टिकत नाहीत. गुहांतील हाडांत कोवळ्या व अतिवृद्ध अस्वलांचे जे आधिक्य दिसते, त्याचे कारण हेच होय. फिनलंडचे प्राणिशास्त्रज्ञ ब्यर्न कुर्तेन यांनी ही उपपत्ती विशेष स्पष्टपणे मांडली.

या पार्श्वभूमीवर एमिल बेख्लर यांच्या सिद्धान्ताकडे पाहावयास हवे. त्यांनी १९१७ ते १९२३ या काळात स्वित्झर्लंडमधील फेटिस गावाच्या वर, सुमारे २,४०० मीटर उंचीवरील ड्राखेनलोख गुहेत उत्खनन केले. तेथे दगडी पेट्यांत अस्वलांच्या कवट्या ठेवलेल्या होत्या, तसेच एका कवटीच्या गंडास्थीच्या कमानीत मांडीचे हाड अडकविलेले होते, असे त्यांनी नमूद केले. यावरून निआंडरथल मानव अस्वलाची पूजा करीत असे, अथवा शिकारीतील पहिला भाग देवतेला अर्पण करीत असे, हा निष्कर्ष निघाला. १९२६ साली अर्व्हिंग हॅलोवेल यांचा उत्तर गोलार्धातील अस्वलविषयक विधींवरील प्रबंध प्रसिद्ध झाला. सैबेरिया, उत्तर अमेरिका आणि ऐनू लोकांची वस्ती असलेला जपानचा उत्तर भाग येथे अशा विधींचा प्रसार त्यात दाखविलेला असल्याने बेख्लरांच्या मताला अनपेक्षित बळ मिळाले. मानवाचा पहिला धर्म सापडला, असे कित्येक ग्रंथांत निःशंकपणे लिहिले जाऊ लागले.

आक्षेप घेणाऱ्यांत बाझेल येथील नेत्रवैद्य व गुहासंशोधक फ्रेडेरिक एडुआर कोबी हे अग्रेसर होते. अस्वलांच्या पिढ्यान्‌पिढ्या एकाच गुहेत वावरत आल्या. जागा करताना त्यांनी जुनी हाडे बाजूला सारली, तुडविली व घासली. भिंतीलगत वा दगडांच्या आडोशाला गेलेली हाडे तेवढी शाबूत राहिली, असे त्यांनी दाखवून दिले. छतावरून पडणाऱ्या चपट्या शिळांमुळे पेटीसारखे आकार आपोआप तयार होतात. शिवाय ड्राखेनलोखमधील पेट्यांची जी रेखाटने निरनिराळ्या वर्षी प्रसिद्ध झाली, ती परस्परांशी जुळत नाहीत. एथ्नोग्राफीतील साम्य हा स्वतंत्र पुरावा नव्हे. मूळ नोंद दुर्बल असेल तर साम्याने तिची उणीव भरून निघत नाही. आज बहुसंख्य अभ्यासक निआंडरथलांच्या अस्वलपूजेची कल्पना स्वीकारीत नाहीत.

याचा अर्थ मानव व गुहावासी अस्वल यांचा संबंधच आला नाही, असा नव्हे. जर्मनीतील होले फेल्स गुहेत या अस्वलाच्या एका मणक्यात गारगोटीच्या अस्त्राचा तुकडा रुतलेला सापडला आहे. शिकारीचा याहून प्रत्यक्ष पुरावा क्वचितच मिळेल. १९९४ च्या डिसेंबरात उजेडात आलेल्या फ्रान्समधील शोव्हे गुहेत अस्वलांची चित्रे आहेत, आणि एका दालनात मोठ्या शिलाखंडावर अस्वलाची कवटी ठेवलेली आहे. ती तेथे माणसाने ठेवली असणे संभवनीय आहे. ती पूजेसाठीच ठेवली, असे मात्र तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय शोव्हेची चित्रे आधुनिक मानवाची असल्याने त्यांच्या आधारे निआंडरथलांविषयी काही सांगता येत नाही.

अलीकडील आनुवंशिक संशोधनाने या इतिहासाला नवे साधन दिले आहे. २०१६ मध्ये वायव्य स्पेनमधील गुहांच्या अभ्यासात असे आढळले की, परस्परांपासून फार दूर नसलेल्या गुहांतही अस्वलांच्या मातृवंशाच्या शाखा वेगवेगळ्या आहेत. म्हणजे जन्माच्याच गुहेकडे परतण्याची त्यांची प्रवृत्ती असावी. २०१९ साली ५९ अस्वलांच्या मातृवंशीय जनुकसंचांवरून असे दिसून आले की, पूर्वीच्या शीतकालांतही त्यांची संख्या स्थिर होती. ती सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी घटू लागली. युरोपात आधुनिक मानवाचा प्रसार होण्याचा काळ हाच. सुमारे २८,००० ते २४,००० वर्षांपूर्वी ही जाती नष्ट झाली. हवामान, खाद्याची टंचाई, शिकार व गुहांसाठी मानवाशी स्पर्धा यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. तथापि एकाच गुहेला बांधलेला प्राणी ती गुहा गमावल्यावर दुसरीकडे सहज वसू शकत नाही, हे उघड आहे. तपकिरी अस्वल तसे बांधलेले नव्हते, ते टिकले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार आजच्या तपकिरी अस्वलांच्या जनुकसंचातील ०.९ ते २.४ टक्के भाग गुहावासी अस्वलांकडून आलेला आहे.

गुहेतील हाडांच्या राशीचा पहिला कर्ता अस्वलच आहे, हे या सर्व विवेचनाचे फलित होय. त्याचे जन्म, शीतनिद्रा, मृत्यू आणि त्याच्या वंशजांची वर्दळ यांनी ती रास घडविली. या कारणांनी जेवढे स्पष्ट होते तेवढे प्रथम वजा करून जे उरेल, तेच मानवी इतिहासाचे साधन म्हणून हाती घ्यावे. ड्राखेनलोखच्या बाबतीत ही वजाबाकी आधी न होता नंतर झाली, आणि एका धर्माचा इतिहास अनेक वर्षे अस्वलांच्या पायांनी सारलेल्या हाडांवर लिहिला गेला.