निष्क्रिय खात्याची गोष्ट

बँकेत ज्या खात्याकडे दोन वर्षं कुणी फिरकत नाही, त्याला आम्ही 'इनऑपरेटिव्ह' म्हणतो. शुद्ध मराठीत निष्क्रिय. (आमच्या घरी हा शब्द माझ्याबद्दलही वापरतात, फक्त तिथे दोन वर्षं थांबायची पद्धत नाही.) अशी एकूण १० वर्षं गेली की त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. मालक आला तर परत मिळते, पण तो यायला तर हवा! काउंटरच्या आतल्या बाजूला २० वर्षं काढल्यावर माझी पक्की समजूत झाली होती, की मालकानं हात काढला की वस्तू संपली. ह्या समजुतीला तडा गेला तो एका गेममुळे.

आता तुम्ही म्हणाल, पंचेचाळिशीचा गृहस्थ, डोक्यावर गृहकर्ज, मुलगा दहावीला, आणि हा गेमवर काय लिहितोय? हेच आमची हीसुद्धा म्हणते. पण मी लिहितोय तो इतिहास आहे. १९९९ सालाला आता इतिहासच म्हणायचं. त्या साली जन्मलेली मुलं आमच्या बँकेत ऑफिसर होऊन आली आहेत आणि मला 'काका' म्हणतात.

तर ३० सप्टेंबर १९९९ रोजी 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग, 'द एज ऑफ किंग्ज', बाजारात आला. विकणार मायक्रोसॉफ्ट, घडवणार अमेरिकेतल्या डॅलसचा एन्सेंबल स्टुडिओज. हा स्टुडिओ ज्या कंपनीच्या पोटी जन्माला आला, तिचा मूळ धंदा कचेऱ्यांना माहिती सांभाळायची सॉफ्टवेअरं करून देण्याचा. म्हणजे तसे आमच्या भाऊबंदांपैकीच. दिवसभर तक्ते भरून कंटाळलेला माणूस साम्राज्य उभारायला निघतो, यात मला तरी नवल वाटत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पडद्यावर रान. मधे गावची मुख्य इमारत, भोवती तीन गावकरी आणि एक घोडेस्वार. मेंढ्या शोधायच्या, बोरं तोडायची, लाकूड आणायचं, सोनं खणायचं. ५०० धान्य साठलं की अंधारयुगातून पुढच्या युगात बढती. (बढतीची इतकी स्पष्ट अट मी नोकरीत कधी पाहिली नाही.) मग ६५० दगड जमवून किल्ला बांधायचा आणि शेजाऱ्यावर स्वारी करायची. सुरुवातीला १३ राज्यं होती. २००० साली 'द कॉन्करर्स' नावाची पुरवणी आली, तिनं आणखी ५ दिली.

पण ह्या खेळातली सगळ्यात खरी गोष्ट म्हणजे शेती. ६० लाकूड खर्चून शेत करायचं. काही वेळानं त्याचा कस संपतो. मग पुन्हा लाकूड द्यायचं, पुन्हा पेरायचं. नाही पेरलं तर शेतकरी तिथंच हात बांधून उभा राहतो. तक्रार नाही, अर्ज नाही, नुसता उभा. ऐन लढाईत, शत्रू वेशीवर आलेला असताना, आपला अर्धा जीव त्या उभ्या शेतकऱ्यांत अडकलेला असतो.

हे सारं मी शिकलो सांगलीतल्या एका सायबर कॅफेत. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. ताशी वीस रुपये. शेजारच्या मशिनवर माझा मित्र. तो खेळताना स्वतःचं नाव 'सरसेनापती' असं टाकायचा, तेव्हा आपणही त्याला तेच म्हणू. आम्ही नेहमी एका बाजूनं खेळायचो. ह्या खेळात बोलायचं तर आकडा दाबायचा : ३ म्हणजे अन्न द्या, ४ म्हणजे लाकूड द्या, ११ म्हणजे सात मजली हसणं, १४ म्हणजे 'सुरू करा की एकदाचं!' सरसेनापती सदा कफल्लक. सैन्य मोठं आणि शेतं ओसाड. दर पाच मिनिटांनी त्याचा ४ यायचा. मी लाकूड पाठवायचो. पुढे मी कॅशियर झालो आणि तो मिरजेत हार्डवेअरच्या दुकानात बसला, हे तेव्हाच दिसायला हवं होतं.

आता खेळाचं काय झालं ते पाहा. मायक्रोसॉफ्टचा 'झोन' नावाचा एक इंटरनेटवरचा अड्डा होता. तिथे देशोदेशीचे खेळाडू जमून एकमेकांची राज्यं बुडवत. २००६ साली तिथली असल्या सीडीवरच्या खेळांची सोय बंद झाली. दुरुस्त्या येणं तर आधीच थांबलं होतं. पुढे विंडोजच्या नव्या आवृत्त्या आल्या आणि त्यांच्यावर ह्या खेळाचे रंग बिघडू लागले. समुद्र जांभळा, गवत लाल. त्यावर चाहत्यांनी शोधलेला घरगुती इलाज असा, की खेळ सुरू करण्याआधी विंडोजचा 'एक्सप्लोरर' नावाचा भाग बंद पाडायचा. म्हणजे हळदीच्या दुधासारखं. का लागू पडतं ते विचारायचं नाही, घ्यायचं.

सप्टेंबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एन्सेंबल बंद करणार असल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी २००९ मध्ये तो बंद झाला. मंदीचे दिवस होते. घडवणारा गेला, भेटायची जागा गेली, दुरुस्ती गेली. आमच्या नियमांप्रमाणे खातं निष्क्रिय.

आमचंही एक खातं त्याच वर्षी निष्क्रिय झालं. मार्च २००९ च्या शेवटच्या आठवड्यात सरसेनापतीचे वडील गेले. मला फोन आला तेव्हा मी व्हाउचरांच्या ढिगाऱ्यात होतो. 'मार्च एंडिंग' ही काय चीज आहे हे बँकेतल्या माणसालाच कळतं, आणि ती सबब म्हणून किती तोकडी आहे हेही त्यालाच कळतं. मी फोनवरून चार शब्द बोललो. 'एकतीस झाली की येतो' म्हणालो. एकतीस झाली. तेरावा झाला. मी गेलो नाही. सांगली ते मिरज अंतर किती, हे मी तुम्हाला सांगणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी मनातल्या मनात मला काय म्हणायचं ते म्हणावं. पुढे जायची लाज वाटू लागली, आणि लाजेवर चक्रवाढ व्याज चढतं.

इकडे गेमचं खातं मात्र भलत्याच माणसांनी चालू ठेवलं होतं. जमायला 'वूब्ली' नावाचा दुसरा अड्डा मिळाला. तिथे स्पर्धा चालू, क्रमवारी चालू. काही जाणकारांनी 'यूजरपॅच' नावाची दुरुस्ती केली, आणि ती कशी केली हे ऐकून माझ्यातल्या कारकुनानं हात जोडले. मूळ आराखडा कंपनीच्या कपाटात. ह्यांच्या हाती फक्त यंत्राच्या भाषेतला तयार प्रोग्रॅम. तो उकलून, कुठला आकडा काय करतो ते ताडून, त्यांनी चुका काढल्या. एकही व्हाउचर न बघता नुसत्या ताळेबंदावरून फरक शोधण्यासारखंच हे! त्यांनी रंग सुधारले. रुंद पडद्यांवर खेळ बसवला. एका राज्याची लोकसंख्या २०० च्या वर जात नसे, ती १००० पर्यंत नेली. पगार शून्य. ओव्हरटाइम अमर्याद.

दुसऱ्या एका टोळीनं 'फरगॉटन एम्पायर्स' नावाची अख्खी नवी पुरवणीच घरच्या घरी तयार केली. इटालियन, इंका, स्लाव, मग्यार आणि चक्क भारतीय अशी पाच राज्यं. कंपनीला १३ वर्षांत भारत आठवला नव्हता, तो ह्या हौशी मंडळींना आठवला.

आता वाणिज्य शाखेचा थोडा उपयोग होऊ द्या. कॉलेजात आम्हाला 'गुडविल' शिकवत. दिसत नाही, मोजता येत नाही, तरी मालमत्तेच्या बाजूला लिहायची. परीक्षेत मी तिची व्याख्या पाठ लिहिली; अर्थ कळला तो इथे. ह्या खेळाची गुडविल कंपनीनं हात काढल्यावर वाढली, आणि ती वाढवणाऱ्यांच्या नावावर एक छदामही नव्हता. शेवटी मायक्रोसॉफ्टच्या ते लक्षात आलं. २०१३ साली जुना खेळ नव्या रंगरंगोटीनं विक्रीला आला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात चाहत्यांची ती पुरवणी 'द फरगॉटन' ह्या नावानं अधिकृत झाली. फुकट राबणारे लोक एका रात्रीत कंत्राटदार झाले. ह्याला शोषण म्हणायचं की बढती, ह्यावर आमच्या युनियनमध्ये दोन मतं पडतील. माझं मत असं, की त्यांनी ते बढतीसाठी केलंच नव्हतं; शेत ओसाड बघवलं नाही म्हणून पेरलं होतं.

ह्या अधिकृत पुरवणीत प्रत्येक राज्याला काही ना काही वरदान होतं. भारतीयांना कुठलं मिळालं असेल? कामकरी स्वस्त! इतर राज्यांत गावकरी ५० धान्याला पडतो, आपल्याकडे त्याहून कमी, आणि राज्याची जसजशी भरभराट होईल तसतसा आणखी कमी. हे वाचून मी आधी रागावलो आणि मग माझी पगारपावती आठवून गप्प बसलो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये पुन्हा नवी आवृत्ती आली, 'डेफिनिटिव्ह एडिशन'. ती घडवण्यात त्याच चाहत्यांतून झालेला फरगॉटन एम्पायर्स स्टुडिओ होता. सुरुवातीची १३ राज्यं आता ३५ झाली. २०२२ च्या एप्रिलमध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' आली. तिनं 'भारतीय' हे एकच गाठोडं सोडून हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली अशी वेगळी राज्यं मांडली. "आणि मराठे?" माझ्या चिरंजीवांनी बाणेदारपणे विचारलं. त्याला म्हटलं, बाबा रे, ह्या खेळाचा काळ साधारण सोळाव्या शतकापाशी संपतो आणि महाराजांचा जन्म १६३० चा. पुढच्या तारखेचा चेक आधी वटत नाही.

२०१९ च्या आवृत्तीत आणखी एक सुधारणा झाली. शेत आता आपोआप पेरलं जातं. लाकूड शिल्लक असलं की झालं. शेतकरी उभा राहत नाही, ऐन लढाईत जीव टांगणीला लागत नाही. वीस वर्षांची जगातली एक कटकट संपली. बाकीच्या जगात मात्र अजून प्रत्येक शेत आपणच जाऊन पेरावं लागतं.

मला ते जमलं नाही, त्यानं पेरलं. २०२० चं टाळेबंदीचं वर्ष. मी बँकेत जाऊन येत होतो, कारण नोटांना घरून काम करता येत नाही. एका शनिवारी रात्री कॉलेजच्या एका मित्राकडून नंबर मिळवून कुणीतरी मला निरोप धाडला होता. नाव नाही, नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. नुसता आकडा : १४.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. हिनं विचारलं, "कुणाचा ओ.टी.पी. आलाय का?" मी म्हटलं, "हो. माझाच."

त्या रात्री चिरंजीवांच्या कॉम्प्युटरवर आम्ही खेळलो. वडिलांचा विषय त्यानं काढला नाही. तो मीच काढला, पण पुढच्या रविवारी, मिरजेला त्याच्या दारात उभा राहून, तोंडाला मास्क बांधून. अकरा वर्षं उशीर झाला होता. तो म्हणाला, "आत ये. चहा टाकायला सांगतो."

तेव्हापासून दर शनिवारी रात्री साडेदहाला आमचं राज्य असतं. दोघांनाही चष्मा लागलाय, त्यामुळे शत्रू जवळ आल्याशिवाय दिसत नाही. शेतं आता आपोआप पेरली जातात, हे त्याला माहीत आहे. तरी दर पाच मिनिटांनी पडद्यावर त्याचा ४ उमटतो.

मी लाकूड पाठवतो.