खिलार : श्रमातून घडलेली जात

कालव्याच्या पाण्याने बारामती तालुक्याचा बराच भाग उसाने हिरवा झाला. लोणी भापकरचा जिरायत पट्टा मात्र आभाळाकडे डोळे लावून राहिला. अशा मुलखाला थोड्या वैरणीवर तग धरणारा, खडकाळ वाटेवर न अडणारा बैल हवा होता. शेजारच्या माणदेशाने तो घडविला. खिलार म्हणजे गुरांचा कळप, आणि तो राखणारा तो खिलारी. पिढ्यान्‌पिढ्या वळू निवडणाऱ्या या अनाम माणसांची ही निर्मिती आहे.

जात ओळखावी कशी? लांब निमुळते तोंड, मागे वळून वर गेलेली धनुष्याकृती शिंगे, अंगासरशी ताठ कातडी, कठीण काळे खूर. तिच्यातही पोटभेद आहेत : आटपाडीची हणम वेगळी, म्हसवडची वेगळी. हे भेद मोजून, वंशावळीसह लिहून ठेवणे हे जतनाचे पहिले काम. देशातील जातींची अशी नोंद १९८४ साली स्थापन झालेली कर्नाल येथील राष्ट्रीय संस्था ठेवते.

परंतु नोंदीने जात जगत नाही. आम्ही कामगार चळवळीत आयुष्य काढले. यंत्र आले की कारागिराचे काय होते, ते आम्ही पाहिले आहे. बैलाचेही तेच झाले. मोटेची जागा इंजिनाने घेतली, नांगराची ट्रॅक्टरने. दुधाच्या हिशेबात संकरित गाय पुढे गेली. २०१२ ते २०१९ या काळात देशातील संकरित व विदेशी गुरे सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढली, देशी गुरे सहा टक्क्यांनी घटली.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, तेव्हा खोंडाचे उरलेसुरले गिऱ्हाईकही दुरावले. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. खोंडाला पुन्हा मोल आले. तथापि केवळ वेगासाठी वळू निवडला, तर ओढकामाचा नेटाचा गुण मागे पडेल. मोजक्याच वळूंची पैदास झाली, तर रक्त आटेल. आणि शर्यतीचे बक्षीस खोंडाच्या धन्याला मिळते. त्याला जन्म देणारी गाय दुष्काळात पोसणाऱ्या घराला त्यातले काय मिळते?

जतनाचा प्रश्न आमच्या मते मजुरीचा प्रश्न आहे. गोठविलेले वीर्य प्रयोगशाळेत टिकेल. पण चारा, छावणी आणि शुद्ध कालवडीमागे रोख मोबदला गोठ्यापर्यंत पोचला पाहिजे. जात राखणे हे काम आहे, आणि कामाला दाम हवा.